सेक्सबद्दल विज्ञानाने नवीन ते काय सांगितलं? जरा लांबलेलं उत्तर

प्रश्न असा आहे की माणूस लाखो वर्षं हेच करत आलाय, मग त्यात संशोधन करून शास्त्रज्ञांनी असे काय दिवे लावले, की नुसती जड जड नावं ठेवली? चेष्टेत विचारलाय, पण मला आवडला. गेली २२ वर्षं मी सेक्शुअल मेडिसिनची ओपीडी बघते आणि समोर बसलेल्या बहुतेकांना खरं तर एकच गोष्ट विचारायची असते, मी नॉर्मल आहे ना? आजारबिजार नंतर. आणि संशोधनाने जर काही उलटंपालटं केलं असेल तर ते या ‘नॉर्मल’लाच.

मागे एक पंचविशीतला मुलगा आला होता. नाव सांगायच्या आधी लॅपटॉप उघडला. एक्सेल शीट. पहिल्या कॉलमात तारीख, दुसऱ्यात त्या दिवशी हस्तमैथुन केलं का हो/नाही, आणि पुढे केसगळती, विसरभोळेपणा, थकवा, कंबरदुखी, सगळ्याला दहापैकी मार्क. तीन वर्षांचा डेटा, लाल-हिरवे रंग भरलेला. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी म्हटलं हे चाळीस आलं कुठून रे, तर म्हणाला, मॅडम सगळेच म्हणतात.

सगळेच म्हणतात हे खरंय, आणि डॉक्टरही म्हणत होते. सॅम्युएल तिसो नावाच्या स्विस डॉक्टरने १७६० मध्ये हस्तमैथुनावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात एक औंस वीर्य जाणं हे चाळीस औंस रक्त जाण्यापेक्षा वाईट असं मांडलं. हा माणूस भोंदू नव्हता बरं का, नावाजलेला डॉक्टर होता, देवीची टोचणी करून घ्या म्हणून लोकांना सांगणारा. पण पुढची शंभर-दीडशे वर्षं वेड, आंधळेपणा, मिरगी, क्षय, काय वाट्टेल ते या एका सवयीच्या खात्यावर जमा होत राहिलं. चूक कुठे झाली बघा. डॉक्टर बघायचे ते आजारी लोक, वेड्यांच्या इस्पितळातले लोक, ते लाज सोडून उघड्यावर करायचे, म्हणून निष्कर्ष काढला की यामुळेच वेड लागतं. बाहेर जे धडधाकट लोक रात्री पांघरुणात तेच करत होते आणि सकाळी उठून कामाला जात होते त्यांना कुणी विचारलंच नाही. धडधाकट माणसाला न विचारणं, ही चूक या विषयात पुन्हा पुन्हा सापडते.

१८८६ मध्ये क्राफ्ट-एबिंग या मानसोपचारतज्ज्ञाने लैंगिक ‘विकृतीं’चा मोठा कोश काढला, सॅडिझम-मॅसोकिझम (वेदना देण्यात आणि वेदना सोसण्यात सुख) हे शब्द रुळले ते त्यातून. सामान्य वाचकाने चवीने वाचू नये म्हणून नको ते तपशील लॅटिनमध्ये! पण त्याच्याकडच्या केसेस आल्या कुठून, तर कोर्टातून आणि इस्पितळातून. म्हणजे परत तेच. बर्लिनमध्ये मॅग्नस हिर्शफेल्डने १९१९ साली लैंगिकता अभ्यासाची संस्था काढली, तो मात्र साध्या लोकांना प्रश्नावल्या देऊन विचारत होता, समलैंगिक लोक गुन्हेगार नाहीत असं उघड म्हणत होता. मे १९३३ मध्ये नाझींनी संस्था लुटली आणि तिथलं ग्रंथालय भर चौकात जाळलं. तो स्वतः तेव्हा परदेशात होता. किती माहिती त्या आगीत गेली याचा विचार केला की मला अजून हळहळ वाटते.

मग आला किन्से, आणि खरी उलथापालथ इथून. अल्फ्रेड किन्से मुळात कीटकशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात गॉल वास्प नावाच्या बारीक माशा गोळा करायचा, लाखोंनी, आणि प्रत्येकीची मापं घ्यायचा. त्याच्या लक्षात आलं होतं की एका जातीतल्या दोन माश्याही सारख्या नसतात. १९३८ मध्ये विद्यापीठाने विवाहविषयक कोर्स सुरू केला आणि शिकवायला हा. विद्यार्थी प्रश्न विचारायला लागले आणि बघतो तर बहुतेक प्रश्नांची पुस्तकातली उत्तरं म्हणजे कुणाची तरी मतं, मोजमाप शून्य. मग गड्याने माशा सोडून माणसं मोजायला घेतली.

त्याची विचारायची पद्धत मी अजून वापरते. ‘तुम्ही कधी हस्तमैथुन केलंय का’ असं तो विचारायचा नाही, कारण त्यावर ‘छे छे’ हेच उत्तर येतं. तो विचारायचा, पहिल्यांदा केव्हा केलंत? म्हणजे केलंय हे गृहीत, नाही म्हणायचं असेल तर समोरच्याने म्हणावं. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, उत्तरं सांकेतिक खुणांनी लिहायची म्हणजे कागद कुणाच्या हातात पडला तरी कळू नये. करून बघा कधी, आवाजातला साधेपणा टिकवणं फार अवघड असतं.

१९४८ मध्ये पुरुषांवरचा रिपोर्ट आला, सुमारे ५,३०० पुरुष, आणि १९५३ मध्ये स्त्रियांवरचा, सुमारे ५,९००. साधारण ९२ टक्के पुरुषांनी आणि ६२ टक्के स्त्रियांनी हस्तमैथुन केलेलं होतं. म्हणजे तिसोच्या हिशोबाने अख्खा देश वेड्यांच्या इस्पितळात हवा होता. समलैंगिक आणि भिन्नलैंगिक असे दोन कप्पे न करता त्याने शून्य ते सहा अशी पट्टी केली आणि लोक त्या पट्टीवर सगळीकडे पसरलेले आहेत असं दाखवलं. गदारोळ झाला, स्त्रियांच्या रिपोर्टनंतर तर पैसा देणाऱ्या फाउंडेशननेही हात काढून घेतला. बायकांनाही इच्छा असते हे आकड्यात बघणं लोकांना जास्त झोंबलं, असं माझं मत.

आता किन्से म्हणजे ब्रह्मवाक्य असं नाही. त्याचा नमुना स्वेच्छेने आलेल्या लोकांचा होता, तुरुंगातले लोकही त्यात बरेच, म्हणून काही आकडे फुगलेले आहेत, संख्याशास्त्रज्ञांनी तेव्हाच हे दाखवून दिलं होतं. नीट रँडम नमुन्याचे मोठे सर्व्हे यायला एड्सची साथ यावी लागली. ब्रिटनमध्ये १९८९ ला सरकारने असल्या सर्व्हेला पैसे द्यायला नकार दिला, मग वेलकम ट्रस्ट या खासगी संस्थेने दिले आणि जवळजवळ १९,००० लोकांना विचारलं गेलं. त्याच डेटातून २००४ मध्ये अँथनी बोगार्ट या मानसशास्त्रज्ञाला दिसलं की साधारण एक टक्का लोकांनी ‘मला कुणाहीबद्दल लैंगिक आकर्षण वाटलं नाही’ हा पर्याय निवडला होता. असेक्शुअल हा शब्द आज जो ऐकू येतो त्याला अभ्यासाचा आधार मिळाला तो असा. हे लोक त्याआधीही होतेच की, पण त्यांच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नव्हतं.

हां, तर आपला एक्सेलवाला. मी त्याच्या शीटवर त्याच्याच देखत फिल्टर लावला. थकव्याचे जास्त मार्क सगळे त्याच्या नाईट शिफ्टच्या आठवड्यांत. ‘हो’ जास्त असलेल्या एका तिमाहीत तर साहेबांना प्रमोशन मिळालेलं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला आणि मग म्हणाला, म्हणजे मी नाईट शिफ्ट सोडायला पाहिजे.

आता बायकांच्या बाजूला येऊ, इथे विज्ञानाने आधी घोळ घातला आणि मग निस्तरला. फ्रॉइडने १९०५ मध्ये सांगून टाकलं की क्लिटोरिसमधून, म्हणजे शिश्निकेतून मिळणारं सुख हे कच्चं, पोरकट, आणि प्रौढ बाईला ते योनीतून मिळायला हवं. मोजमाप? काही नाही. पण पिढ्यानपिढ्या बायका स्वतःला थंड समजत राहिल्या. १९६६ मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी ३८२ स्त्रिया आणि ३१२ पुरुषांवर प्रयोगशाळेत प्रत्यक्ष नोंदी घेतल्या, हृदयाचे ठोके, श्वास, रक्तप्रवाह, सगळं, आणि शरीराच्या दृष्टीने ऑर्गॅझम, म्हणजे तृप्तीचा क्षण, हा ऑर्गॅझमच असतो, त्यात कच्चा-पक्का प्रकार नाही हे दाखवलं. पण या अवयवाचा आतला नकाशा नीट समोर यायला १९९८ उजाडलं! हेलन ओ’कॉनेल ही ऑस्ट्रेलियातली युरॉलॉजिस्ट, तिने शवविच्छेदन करून आणि पुढे २००५ मध्ये एमआरआयचीही जोड देऊन सांगितलं की बाहेर दिसतो तो वाटाण्याएवढा भाग म्हणजे फक्त टोक आहे, आत दोन पाय आहेत ५ ते ९ सेंटीमीटर लांबीचे, आणि योनीमार्गाच्या दोन्ही बाजूंना फुगणारे दोन भाग. माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर २९ वर्षांनी, म्हणजे कमाल आहे. त्यातल्या मज्जातंतूंचा ८,००० हा जो आकडा सगळीकडे फिरायचा तो मूळचा गाईगुरांवरच्या अभ्यासातला निघाला, माणसात मोजले २०२२ मध्ये, ते सरासरी दहा हजारांच्या वर भरले.

माझ्या टेबलावर त्याचं एक थ्रीडी प्रिंट केलेलं मॉडेल असतं. लोक पेपरवेट समजून हातात घेतात, उलटसुलट करतात, एक गृहस्थ म्हणाले पक्षी आहे का हो, छान आहे. बायको शेजारी बसलेली, ती ‘माझ्यात काहीतरी कमी आहे’ ही तक्रार घेऊन आलेली, संबंधात सुख मिळत नाही म्हणून. मी त्यांना मॉडेलवर बोट ठेवून दाखवलं की हे इथे आहे आणि तुमचा सगळा कार्यक्रम चालतो तो इथे. २०१७ च्या एका अमेरिकन अभ्यासात ५२,००० हून जास्त लोकांना विचारलं होतं, त्यात भिन्नलैंगिक पुरुषांपैकी ९५ टक्के नेहमी किंवा बहुतेक वेळा तृप्त होतात, भिन्नलैंगिक स्त्रियांपैकी ६५ टक्के, आणि लेस्बियन स्त्रियांपैकी ८६ टक्के. म्हणजे बाईचं शरीर थंड असतं वगैरे सगळं बाजूला ठेवा, स्पर्श कुठे होतो आणि किती वेळ होतो यावर बरंच काही आहे. गृहस्थांनी मॉडेल फार हळूच टेबलावर ठेवलं.

पुरुषांच्या बाजूची गोष्टही तीच. बायकांचं जे शरीराचं होतं ते मनाचं ठरवलं, तसंच पुरुषांच्या इरेक्शनची, म्हणजे ताठरतेची, तक्रारही बहुतेक मानसिकच असं अनेक वर्षं डॉक्टरच म्हणायचे. १९८३ मध्ये लास वेगासला युरॉलॉजिस्ट लोकांची परिषद होती, तिथे जाइल्स ब्रिंडली हा ब्रिटिश शास्त्रज्ञ ट्रॅकसूट घालून भाषणाला उभा राहिला. औषधाचं इंजेक्शन थेट लिंगात दिलं तर मनात काही नसतानाही ताठरता येते, हे त्याला सांगायचं होतं. स्लाइड्सवर कुणी विश्वास ठेवणार नाही असं वाटलं असावं, त्याने हॉटेलच्या खोलीतच इंजेक्शन घेतलेलं, आणि भर सभेत पँट खाली करून दाखवलं! पुढच्या रांगेतल्या बायकांनी हात वर केले म्हणतात. हसू येतं, पण त्या दिवसानंतर या तक्रारीकडे रक्तवाहिन्यांची तक्रार म्हणून बघणं खरंच सोपं झालं. पुढे छातीत दुखण्यावर तपासत असलेल्या सिल्डेनाफिल या औषधाचा भलताच परिणाम दिसला आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला व्हायग्रा म्हणून मंजुरी मिळाली.

इथे एक कामाची गोष्ट सांगते. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे आतून खराब व्हायला लागल्या की आधी इथे कळतं, हृदयाची तक्रार बऱ्याचदा त्यानंतर दोन ते पाच वर्षांनी येते. अठ्ठेचाळीस वर्षांचे एक जण ‘फक्त गोळी लिहून द्या, घाईत आहे’ म्हणून आले होते, मी शुगर करायला लावली तर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, पावणेदहा, सरळसरळ मधुमेह. चिडले होते, नंतर चिडले नाहीत. आणि छातीसाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील तर ही औषधं अजिबात नाही, बीपी धाडकन खाली येतं, दुकानातून गुपचूप आणून खाणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. दुसरं म्हणजे गोळी रक्त आणते, इच्छा आणत नाही. गोळी घेऊन मोबाईल बघत बसलात तर काही होणार नाही.

मोजमापाचा सगळ्यात मोठा दिलासा पुरुषांना मिळायला हवा होता पण पॉर्नने तो खाल्ला. २०१५ मध्ये १५,००० हून जास्त पुरुषांची, डॉक्टरांनी घेतलेली मापं एकत्र केली, ताठ लिंगाची सरासरी लांबी १३.१२ सेंटीमीटर. २००५ मध्ये पाच देशांतल्या ५०० जोडप्यांना चक्क स्टॉपवॉच देऊन घरी पाठवलं होतं, प्रवेशापासून स्खलनापर्यंतचा मधला आकडा निघाला ५.४ मिनिटं. कुणाची ४४ मिनिटं, कुणाचं अर्धं-पाऊण मिनिट. ‘शीघ्रपतन’ म्हणून येणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच विचारते, किती वेळ? सात-आठ मिनिटं. मग अपेक्षा किती? अर्धा तास तरी.

इच्छेबद्दलचं आकलन सगळ्यात उशिरा बदललं आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मास्टर्स-जॉन्सनच्या आराखड्यात उत्तेजना, पठार, ऑर्गॅझम, उतार अशा चार पायऱ्या होत्या, पण मुळात मनात येतं कसं हेच नव्हतं, १९७० च्या दशकात हेलन सिंगर कॅप्लान या सेक्स थेरपिस्टने इच्छा वेगळी काढली. किन्से इन्स्टिट्यूटच्या बँक्रॉफ्ट आणि यान्सेन यांनी म्हटलं की मेंदूत अॅक्सिलरेटर आहे तसा ब्रेकही आहे आणि प्रत्येकाचा कमीजास्त कडक. २००० मध्ये रोझमेरी बॅसन या डॉक्टरने मांडलं की बऱ्याच लोकांना, बऱ्याच वर्षांच्या नात्यात असलेल्या बायकांना विशेष करून, आधी इच्छा आणि मग जवळीक असं होत नाही, आधी जवळीक आणि मग मागून इच्छा असं होतं. बाळ आठ महिन्यांचं, झोप तुकड्या तुकड्यात, अंगाला सतत कुणीतरी चिकटलेलं, अशी बाई येते आणि म्हणते माझी इच्छा मेली डॉक्टर. अगं मेली नाही, चार ब्रेक एकदम दाबलेत, त्यात नवरा अॅक्सिलरेटरवर पाय आपटतोय. त्याला मी सांगते की रात्री दोनचं बाळ तू घे, बाकीचं नंतर बोलू.

आणखी एक, हे प्रत्येकाला माहीत हवं. २०१० मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज केली तेव्हा शरीराची प्रतिक्रिया आणि माणसाला स्वतःला वाटणारी उत्तेजना यांचा मेळ पुरुषांत बऱ्यापैकी, स्त्रियांत फारच कमी निघाला. ओलावा आला म्हणजे तिला हवं होतं, त्याला इरेक्शन आलं म्हणजे त्याची तयारी होती, हे विज्ञानाच्या दृष्टीने खोटं आहे. अत्याचार झालेल्या व्यक्ती वर्षानुवर्षं याच गोष्टीने आतून कुरतडल्या जातात. शरीराची प्रतिक्रिया म्हणजे होकार नाही. होकार तोंडाने असतो.

समलैंगिकतेचं मुद्दाम शेवटाकडे ठेवलं कारण त्यात माझी स्वतःची चूक आहे. १९५७ मध्ये एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ३० समलैंगिक आणि ३० भिन्नलैंगिक पुरुष घेतले, तुरुंगातले नाहीत, इस्पितळातले नाहीत, रोजचं आयुष्य जगणारे. त्यांच्या मानसिक चाचण्यांचे कागद नावं काढून नामवंत तज्ज्ञांना दिले आणि सांगा म्हटलं यातले कोण कोण. कुणालाच ओळखता आलं नाही. तीच गोष्ट, धडधाकट माणसाला विचारलं आणि ‘आजार’ गायब. तरी शॉक देणं, हार्मोन टोचणं चालूच होतं. १९७२ मध्ये अमेरिकेत एका मानसोपचारतज्ज्ञाला ‘मी स्वतः समलैंगिक आहे’ हे आपल्याच लोकांच्या परिषदेत मुखवटा घालून, आवाज बदलून सांगावं लागलं. १९७३ मध्ये त्यांच्या संघटनेने मानसिक आजारांच्या यादीतून हे नाव काढलं, १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने. २०१९ मध्ये पावणेपाच लाखांच्या वर लोकांचा डीएनए तपासला, एकच असा कुठला ‘गे जीन’ सापडला नाही, बारीक बारीक परिणाम करणाऱ्या जागा पुष्कळ आणि त्यावरून एका माणसाचं भाकीत करता येत नाही.

२०१९ चा अभ्यास सोडला तर हे सगळं तेव्हाही पुस्तकात होतं, आणि तरी मी प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी एका मुलाला सांगितलं की लग्न झालं की आपोआप होईल सगळं. एका सिनिअरने तसंच सांगताना ऐकलं होतं. दोन वर्षांनी त्याची बायको आली माझ्याकडे, एकटी. तिने मला दोष दिला नाही, कारण तो सल्ला माझा होता हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं तिला. त्यानंतर ‘गोळी देऊन बरा करा’ म्हणत मुलाला घेऊन येणाऱ्या आईवडिलांना आधी बाहेर बसवून मी मुलाशी बोलते आणि मग आईवडिलांशी दुप्पट वेळ बोलते.

राहिलं म्हातारपण. २००७ मध्ये अमेरिकेत ५७ ते ८५ वयाच्या ३,००० लोकांना विचारलं तेव्हा ७५ च्या पुढचेही २६ टक्के सक्रिय होते, आणि पन्नाशीनंतर डॉक्टरशी या विषयावर एकदा तरी बोललेल्या बायका फक्त २२ टक्के. मी हे वाचलं तेव्हापासून बीपीची गोळी लिहितानाही विचारते. सत्तरी ओलांडलेलं एक जोडपं यायचं, ते खिडकीबाहेर बघत बसलेले, बोलल्या त्याच, की दुखतं, आणि या वयात हे विचारणं बरं दिसत नाही. मी कोरडेपणासाठी त्याच जागी लावायचं इस्ट्रोजेन या हार्मोनचं क्रीम आणि एक साधं ल्युब्रिकंट लिहून दिलं, त्यांची बीपीची एक गोळी बदलली. दीड महिन्याने आल्या तेव्हा फाइल पुढे सरकवली, म्हणाल्या आज फक्त बीपी बघा. मी म्हटलं आणि बाकीचं? तर म्हणाल्या, बाकीचं आता विचारू नका.